पुलाच्या अलीकडे

माझी बायको सायकलवर माझ्यासाठी कधी थांबली नाही. चढ संपला की माणूस वळून पाहतो, बरोबरचा किती मागे राहिलाय याचा अंदाज घेतो. ती पाहत नसे. मी धापा टाकत पुढच्या गावात पोहोचेपर्यंत तिचा चहा झालेला असे, हेल्मेटचा पट्टा लावून ती उभी असे, आणि मी दिसलो की टपरीवाल्यासमोरच म्हणे, "या पंडितजी. तुमचा चहा गार होत होता, म्हणून तोही मीच प्यायले." आणि पायडल मारून निघून जाई. चहा प्यावा की तिच्या मागे जावं, हे मग मला ठरवावं लागे. बहुतेक वेळा मी तिच्या मागे गेलो.

तिला जाऊन आता एक हिवाळा उलटला. लोक भेटायला येतात, तिच्या हिमतीबद्दल बोलतात. हिंमत होतीच. पण तशा माणसाच्या शेजारी आयुष्य काढणं म्हणजे काय, हे येणाऱ्यांना सांगून उपयोग नसतो. ते चहा घेतात, भिंतीवरच्या फोटोला हात जोडतात आणि जातात. म्हणून हे सावकाश लिहितो आहे.

आम्ही दोघेही ग्वाल्हेरचे. तिचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर घोड्यावर आले, माझे त्याच फौजेच्या मागून, पोथ्या बांधून. "आमच्या लोकांनी किल्ले घेतले," ती म्हणे, "आणि तुमच्या लोकांनी मुहूर्त काढले. तेही लढाई संपल्यावर." ती मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची, मी कॉलेजात संस्कृत. जुन्या गोरखी महालाच्या मागच्या गल्लीत आमचं घर. त्या घरात तिचा एकच कायदा होता. गल्लीत हिंदी, शाळेत हिंदी, दाल बाजारात हिंदी, पण उंबऱ्याच्या आत मराठी. इथली बहुतेक मराठी घरं हळूहळू हिंदी होत गेली. मुलं आधी शाळेतल्या गोष्टी हिंदीत सांगू लागतात, मग भांडणं हिंदीत करतात, मग स्वप्नं. आमच्या घरात तिने ते होऊ दिलं नाही. मुलगी लहानपणी एकदा शाळेतून "मम्मी, भूख लगी है" म्हणत आत आली. हिने तिला बाहेर पाठवलं आणि सांगितलं, परत ये आणि नीट सांग. मुलगी हट्टी. ती उन्हात उभी राहिली, पण बोलली नाही. ही आत उभी राहिली, पण हाक मारली नाही. शेवटी मीच बाहेर जाऊन मुलीच्या कानात वाक्य सांगितलं आणि ते तिच्याकडून म्हणवून घेतलं.

"पळवाट," बायको म्हणाली. मला, मुलीला नाही.

निवृत्तीनंतर आम्ही दर हिवाळ्यात सायकलवर लांब जाऊ लागलो. मी तिच्याबरोबर जाई, असं म्हणणं जास्त खरं. तिला नदीकाठची गावं आवडत. बेतवेवरचं ओरछा, यमुनेवरचं बटेश्वर. मोठ्या शहरांतून ती मान खाली घालून, ट्रकांना शिव्या देत पार होई, आणि पाणी जवळ आलं की सैल पडे. याचं कारण तिने एकदाच सांगितलं: संध्याकाळी नदीकडे जाणारा रस्ता उतरता असतो. मी त्या घाटांवरचे शिलालेख वाचत बसे. ती घाटावर टायर तपासत, चेनला तेल देत बसे आणि म्हणे, "वाचून झालं का? दगड पळून जात नाही. ऊन जातं."

बिर्ला नगरमधले एक निवृत्त बँक अधिकारी आमच्याबरोबर असत. विधुर, कमी बोलणारे, हिंदी माणूस. आम्ही त्यांना बँकवाले म्हणत असू. ते माझ्या पुढे आणि तिच्या मागे चालवत. त्यांनीच नर्मदेची परिक्रमा सायकलवर करायची कल्पना काढली. ओंकारेश्वरला संकल्प सोडायचा, नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, दक्षिण काठाने समुद्रापर्यंत, नावेतून मुखापाशी पलीकडे, उत्तर काठाने उगमापर्यंत, आणि पुन्हा दक्षिण काठाने ओंकारेश्वर. मधे कुठेही नदी ओलांडायची नाही. पूल असो, नाव असो, पाणी गुडघ्याएवढं असो. ओलांडली की परिक्रमा खंडित.

मला वाटलं, ही नाही म्हणेल. देवळात ती चप्पल सांभाळायला बाहेर उभी राहणारी बाई. पण ऐकताच तिचे डोळे चमकले.

"तुझा विश्वास तरी आहे का?" मी विचारलं.

"देवबिव मला नको. नियम आवडला. एकच नियम, आणि त्यात 'परंतु' नाही. तुमच्या पोथ्यांत असा एक तरी दाखवा."

आम्ही ग्वाल्हेरहूनच सायकलवर निघालो. शिवपुरी, गुना, इंदूर, मग संकल्प. पुढचे आठवडे माझ्या मनात सलग उरलेले नाहीत. आदिवासी वाड्यांतले चढ आठवतात, जिथे मी सायकल ढकलत चाललो आणि ती वरून ओरडली, "ढकलायलाच आणलीय होय? मग बैल आणायचा!" समुद्रावरच्या नावेत तीस-चाळीस माणसांत आमच्या सायकली आडव्या टाकल्या होत्या आणि ती चेनवर मिठाचं पाणी उडतंय म्हणून नावाड्याशी भांडत होती. भडोचमध्ये माझा रस्ता चुकला. अर्धा दिवस मी त्या जुन्या शहराच्या गल्ल्यांत फिरत होतो, आणि सापडलो तेव्हा ती बँकवाल्यांना म्हणाली, "मिल गए? मैं तो तेरहवीं का सोच रही थी." महेश्वरला मी तिच्यासाठी एक साडी घ्यायला निघालो. "कुठे बांधू?" तिने विचारलं. "हँडलला?" जबलपूरला तिने दोन्ही सायकलींचे ब्रेक बदलून घेतले. माझ्या सायकलीचे तिने स्वतः बसवले, दुकानदाराच्या हातून पाना काढून घेऊन. अमरकंटकला, जिथे ती एवढी नदी एका कुंडात मावते, ती पहिल्यांदा काही बोलली नाही. कुंडाच्या पायरीवर बसून राहिली. मग उठली आणि म्हणाली, "आता उतार."

उतारावरच ती मंद झाली. मला ते कळायला हवं होतं असं डॉक्टर नंतर म्हणाले. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की मी तिच्या बरोबरीने सायकल चालवतो आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला बरं वाटलं होतं.

होशंगाबादच्या थोडं अलीकडे ती रस्त्याच्या कडेला सायकल आडवी न टाकता, नीट स्टँडवर लावून, तिच्या शेजारी खाली बसली. घाम आला होता. दुखणं दोन दिवसांपासूनचं आहे, असं तिने बँकवाल्यांना सांगितलं. मला नाही.

होशंगाबादच्या एका नर्सिंग होममधला डॉक्टर तरुण होता. त्याने ईसीजीची पट्टी पाहिली आणि सरळ सांगितलं, हार्ट अटॅक आहे, इथे काही होणार नाही, लगेच भोपाळ. भोपाळ म्हणजे दीड-दोन तासांचा रस्ता. आणि तो रस्ता नर्मदेच्या पुलावरून जातो. भोपाळ उत्तरेला, आम्ही दक्षिण काठावर. ओंकारेश्वर आता तीन-चार दिवसांवर आलं होतं.

"नागपूर," ती म्हणाली.

हे फक्त परिक्रमेतल्या माणसालाच सुचू शकतं. नागपूर दक्षिणेला. मधे नदी नाही. पण मधे सातपुडा आहे, घाट आहे, अख्ख्या दिवसाचा रस्ता आहे.

"नागपुर?" डॉक्टर म्हणाला. "मैडम, नागपुर तक आप पहुँचेंगी नहीं."

"आप अपना काम कीजिए. पहुँचना मेरा काम है."

मी तिच्या खाटेशी वाकलो. "नागपूर किती लांब आहे, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. मी सायकलवर गेलेय. तुम्ही बैतूलचा चढ पाहून बसमध्ये बसला होतात."

"ऐक माझं. जिवावर बेतलं तर नियम सुटतो. आपद्धर्म आहे. शास्त्रानेच सांगितलंय."

ऑक्सिजनच्या मास्कमधून ती हसली. "तुमच्या घराण्याने दुसरं केलंय काय इतकी वर्षं? यजमानाला आधी नियम सांगायचा आणि मग त्यातून सुटायची वाट विकायची. मला नको. माझ्याकडे दक्षिणा नाही."

बँकवाले दाराशी तिन्ही सायकली सांभाळत उभे होते. "भाईसाहब," ते हळूच म्हणाले, "भाभीजी की मर्ज़ी भी तो देखिए."

"मर्जी पाहायला ती उरली पाहिजे," मी मराठीतच म्हणालो. त्यांना कळलं.

अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "भोपाल."

पूल आला हे तिला न पाहता कळलं. पुलाच्या सांध्यांवरून चाकं गेली की एक ठरावीक आवाज येतो. तो ऐकताच तिने मास्क ओढून काढला आणि उठून बसायचा प्रयत्न केला. "थांबवा. मला इथे उतरवा. थांबवा म्हणते ना!" मी तिची मनगटं धरली. तशा अवस्थेतही तिच्या हातांत माझ्याहून जोर होता. मला माझं पूर्ण वजन टाकावं लागलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिच्यावर जोर केला तो तेवढा एकदाच, आणि तो पूल संपेपर्यंत. मागच्या काचेतून पाणी दिसत होतं, हिवाळ्यातलं, शांत. मग आवाज थांबला. जमीन लागली. तिच्या हातातला जोर एकदम गेला. मला वाटलं, संपलं. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"हाथ छोड़िए. अब पकड़ के क्या कीजिएगा आप?"

भोपाळला तिच्या हृदयात स्टेंट घातला. ती वाचली. दोन दिवस दुखणं लपवल्यामुळे हृदयाचा काही भाग गेला तो गेला. सायकल बंद, जिना जपून, मीठ कमी. अतिदक्षता विभागात ती मला "आप घर जाइए, आराम कीजिए" म्हणाली तेव्हा मला वाटलं, औषधांची गुंगी आहे. नर्सशी हिंदीत बोलता बोलता माझ्याशीही बोलली असेल. ग्वाल्हेरला घरी आलो. तिने उंबरा ओलांडला, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "एक गिलास पानी दीजिए."

मी पाणी आणलं. "अगं, काय हे?"

"जी?" ती म्हणाली.

तो "जी?" पुढे मी वर्षभर ऐकला. मी मराठीत काही बोललो की ती मान किंचित वळवून, दुकानात अनोळखी गिऱ्हाईक काही पुटपुटलं की वाणी विचारतो तसं विचारी, "जी?" मी पुन्हा सांगे. पुन्हा "जी?" मी हिंदीत सांगितलं की उत्तर मिळे, अगदी सभ्य, पूर्ण वाक्यात. तिने कधी आवाज चढवला नाही. पूर्वीच्या शिव्या नाहीत, पंडितजी नाही. मला "आप". जेवण वेळेवर. औषधं ती स्वतःची स्वतः घेई. बाकी सगळ्यांशी ती मराठीतच बोले: मुलीशी फोनवर, शेजारच्या काकूंशी, खिडकीत येणाऱ्या मांजराशी सुद्धा. मांजराला ती "ये गं ये, दूध तापवलंय" म्हणे आणि तोच चेहरा माझ्याकडे वळवून, "आपकी चाय रखी है."

मुलगी कॅनडात असते. एकदा व्हिडिओवर तिने ऐकलं. "आई, बाबांशी हिंदीत का बोलतेस तू?"

"बाहेरच्यांशी मी हिंदीतच बोलते, बाळा."

मुलगी हसली. तिला गंमत वाटली. मग ती माझ्याकडे पाहून हसायची थांबली.

लोकांनाही सुरुवातीला गंमत वाटली. मग ते जपून येऊ लागले. त्यांच्यासमोर ती एकदाच स्पष्ट बोलली. कुणीतरी म्हणालं, केवढ्या मोठ्या संकटातून वाचलात, साहेबांनी वेळेवर निर्णय घेतला म्हणून. ती मराठीत म्हणाली, "हो ना. चार दिवस राहिले होते. यांनी ते वाचवले." आणि सुपारी कातरत राहिली.

होशंगाबादला मागे राहिलेले बँकवाले एकटेच पुढे गेले होते. त्यांनी परिक्रमा पूर्ण केली, ओंकारेश्वरला पाणी वाहिलं, समाप्तीची शिऱ्याची कढई केली आणि तो प्रसाद घेऊन आमच्या घरी आले. मला वाटलं, ती तो घेणार नाही. तिने दोन्ही हातांनी घेतला. मग त्यांना समोर बसवून त्या शेवटच्या दिवसांतलं प्रत्येक गाव विचारलं. रस्ता कसा होता, कुठे मुक्काम केला, ऊन कुठे लागलं, चाक कुठे फुटलं. ते सांगत गेले आणि ती ऐकत गेली, कुणी लग्नाचं वर्णन ऐकावं तशी. मधेच माझ्याकडे वाटी सरकवून म्हणाली, "लीजिए. आप भी लीजिए."

काही महिन्यांनी मी दमलो आणि घरात हिंदीत बोलू लागलो. माझी हिंदी पुस्तकी. ती ऐकून एकदा तिला हसू आलं. "आप तो समाचार पढ़ रहे हैं," ती म्हणाली. त्या वर्षात ती माझ्यापुढे हसली ती तेव्हाच. त्या हसण्यासाठी मी नंतरही काही दिवस मुद्दाम अवघड शब्द वापरले. ती पुन्हा हसली नाही.

पुढचा हिवाळा लागला आणि एका सकाळी तिने सायकल अंगणात आणून धुतली. परिक्रमा खंडित झाली की जिथे सुटली तिथून जोडता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून. बँकवाले दुसऱ्यांदा यायला तयार झाले होते. मुलीने फोनवर आईशी भांडण केलं, मग मला सांगितलं, "बाबा, तुम्ही अडवा. मागच्या वेळी अडवलंत ना?" मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, असं हृदय घेऊन जिना चढणं वेगळं आणि सातपुडा चढणं वेगळं. मी हे तिला सांगितलं.

"आपसे पूछा किसने?"

"मैं भी साथ चलूँगा."

"नहीं. आप नहीं."

निघण्याच्या आदल्या दिवशी बँकवाले स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या भरत होते. तिने मला बोलावलं. समोर उभं केलं. शाळेत मुलींना करत असेल तसं.

"इस बार पुल नहीं," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणालो.

"जी?"

"पुल पार नहीं कराऊँगा."

"किसी हाल में?"

"किसी हाल में."

"ज़िंदा या मुर्दा?"

"भाभीजी!" बँकवाल्यांच्या हातातली ट्यूब खाली पडली. "शुभ-शुभ बोलिए."

ती त्यांच्याकडे वळली नाही. "ज़िंदा या मुर्दा, पंडितजी?"

पंडितजी. वर्षभरात पहिल्यांदा. त्या एका शब्दासाठी मी काहीही कबूल केलं असतं, आणि हे तिला माहीत होतं. मी म्हणालो, "ज़िंदा या मुर्दा."

"ठीक है. चाय पीजिए," ती म्हणाली आणि पिशवीचा पट्टा आवळायला लागली.

ते गेल्यावर मी ग्वाल्हेरला राहू शकलो नाही. इंदूरला जाऊन एका लॉजवर राहिलो आणि बँकवाल्यांच्या फोनची वाट पाहत बसलो. ते रोज संध्याकाळी गावाचं नाव सांगत. मागून तिचा आवाज येई, कधी कुणाशी तरी घासाघीस करताना, कधी गाताना. ती गाते हे मला माहीत नव्हतं.

संकल्पानंतर थोड्याच दिवसांनी त्यांचा फोन सकाळी आला. खलघाटच्या पुलाजवळ, पण दक्षिण काठावर, एका आश्रमात त्यांनी मुक्काम केला होता. ती झोपेतच गेली होती. मी गाडी करून गेलो. माझ्या गाडीने तो पूल ओलांडला आणि मी खाली उतरलो.

धरणाचं पाणी तिथपर्यंत चढलेलं आहे, नदी रुंद आणि हालचाल नसलेली. आश्रमाच्या पडवीत तिला घोंगडीवर ठेवलं होतं. गावातल्या बायका आल्या होत्या. "बड़ी भाग्यवान," त्या मला सांगत होत्या. "परकम्मा में गई. मैया ने बुला लिया." एकीने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "रोते क्यों हो?" पडवीतून पूल दिसत होता. आग्रा-मुंबई रस्त्यावरचा तो पूल. त्याच रस्त्याने उत्तरेला गेलं की ग्वाल्हेर. ट्रक एकामागून एक जात होते.

मुलीचा फोन आला. तिकडे रात्र होती.

"बाबा, आईला घरी न्या. मी तिकीट काढलंय. परवा पोहोचते. बर्फात ठेवा, काहीही करा. मला तिला बघायचंय."

मी तिला सांगितलं. स्वयंपाकघर, टेबल, ज़िंदा या मुर्दा. सगळं. ती ऐकत होती.

"मग इंदूरला तरी न्या."

"इंदूरही पलीकडेच आहे."

"मग तिथेच थांबवा. दोन दिवस."

"इथे ठेवायला काही सोय नाही. गावात बर्फही पुरेसा मिळत नाही."

ती म्हणाली, "जिवंत होती तेव्हा नेलंत तिला पुलावरून. तिला नको होतं तेव्हा. आता मला हवंय, तर नाही?"

"मी वचन दिलंय."

"हिंदीत दिलंत ना? मग मराठीत मोडा."

हे वाक्य तिच्या आईचं होतं. बोलायची तऱ्हाही तिची. खरं तर शास्त्राला विचारलं असतं तर शास्त्र मुलीच्या बाजूने बोललं असतं. प्रेताला संकल्प नसतो. देह पडला की परिक्रमा संपली. मग काठ कोणता, पूल कोणता? हे मी एखाद्या यजमानाला दोन वाक्यांत समजावलं असतं आणि त्याने मुलीला आईचं तोंड दाखवलं असतं. मुलगी रडत नव्हती. ती माझ्या तोंडून तेवढं ऐकायची वाट पाहत होती. तिला माहीत होतं की मला वाट काढता येते. लहानपणी मी तिच्यासाठी काढली होती.

मी म्हणालो, "नाही, बाळा."

दुपारी पाण्याजवळ, उंचावरच्या एका मोकळ्या जागेत चिता रचली. जुना घाट पाण्याखाली गेलेला, त्यामुळे जागा कोरडी आणि भगभगीत. अग्नी मी दिला. बँकवाले फोन हातात धरून उभे होते. मुलीने व्हिडिओ लावून मागितला होता. तिथे सिग्नल धड नाही. चित्र अडकलं. मला नंतर कळलं की तिच्या पडद्यावर शेवटपर्यंत एकच चित्र होतं: माझी पाठ आणि माझ्या पलीकडे धूर. तिच्या आईचा चेहरा मी अडवलेला.

थोड्या वेळाने आवाज परत आला. "झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"मग मी तिकीट रद्द करते. कुणासाठी येऊ?"

ती अजून आलेली नाही. महिन्यातून एकदा फोन करते, माझ्या रक्तदाबाची चौकशी करते आणि ठेवते.

बँकवाल्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मला बसथांब्यापर्यंत सोडलं. त्यांना पुढे जायचं होतं. त्यांची परिक्रमा चालू होती. तिची सायकल त्यांनी आश्रमात ठेवून दिली, कुणा परिक्रमावासीला लागली तर. मला विचारलं नाही. बरोबरच केलं. बस आली. गर्दी होती, पण मला खिडकीजवळची जागा मिळाली. पुलावर चढल्यावर लोकांनी हात जोडले, "नर्मदे हर" म्हटलं. शेजारचा माणूस नाणं टाकायला माझ्यावरून खिडकीकडे वाकला. त्याचं कोपर माझ्या छातीला लागलं. नाणं कठड्यावर आपटून रस्त्यावरच पडलं.

"आप भी डालिए, बाबूजी," तो म्हणाला. "फिर मौका मिले न मिले."

माझ्याकडे सुटे नव्हते.